मिस्त्रीची हनुवटी

त्या अग्निशमन केंद्रात दोन प्रकारची माणसं होती, पगारी आणि फुकटे. फुकटे ही शिवी नव्हती. ते स्वतःच स्वतःला तसं म्हणवून घेत. पगाऱ्यांनी म्हटलं तर मात्र त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. पगारी मोजकेच होते आणि पाळीपाळीने केंद्रात राहत. फुकटे आपापल्या धंद्यावर असत आणि भोंगा वाजला की हातातलं काम टाकून पळत येत.

मिस्त्री फुकट्यांपैकी. सुतारकाम करायचा. त्याचं वर्कशॉप केंद्राच्या मागच्याच गल्लीत होतं, त्यामुळे बहुतेक वेळा तोच पहिला पोहोचायचा, अंगावर भुसा घेऊन. त्याच्याकडे कपाट करायला टाकणाऱ्यांना माहीत असायचं की कपाट चांगलं होईल. कधी होईल, ते लोक गॅस बंद करायला किती वेळा विसरतात त्यावर होतं.

त्याचा जोडीदार सलूनवाला. धुरात माणूस एकटा जात नाही, जोडीनेच जातो, आणि हे दोघं कितीतरी वर्षं जोडीने जात होते. भोंग्याचा त्रास सलूनवाल्याला जास्त, कारण त्याच्या खुर्चीत कोणी ना कोणी बसलेलं असायचंच. रस्त्यात अर्ध्या गालाला साबण लावलेला माणूस दिसला की लोक थांबून त्याला विचारायचे, "कुठे लागलीय?"

आत धुरात डोळ्यांचा काही उपयोग नसतो. रांगत जायचं, एका हाताने भिंत चाचपायची आणि दुसऱ्याने पुढच्याचा बूट. पुढे सलूनवाला असायचा आणि तो बोलत असायचा. कोणाचं लग्न मोडलं, कोणाचे केस गळायला लागले, कोणी दुकान विकायला काढलंय. मास्कमधून ते सगळं बादलीत तोंड घालून बोलल्यासारखं ऐकू यायचं. मिस्त्री त्या आवाजामागे जायचा. दोघांनी मिळून आजवर बरीच माणसं बाहेर काढली होती, आणि एकदा एका म्हातारीबरोबर तिचं शिवणयंत्रसुद्धा, कारण म्हातारी ते सोडायला तयार नव्हती.

मग केंद्रावर नवी स्टेशन ऑफिसर आली. कुठल्यातरी मोठ्या केंद्रावरून बदलून आलेली, अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. सगळे तिला मॅडम म्हणू लागले. पहिल्याच आठवड्यात तिने सगळ्यांचे कोट, हातमोजे, बूट अंगणात मांडायला लावले.

पगाऱ्यांचे कोट काजळीने काळेकुट्ट होते. लंबू नावाचा पगारी फायरमन आपला कोट कधीच धूत नसे. कोटावरून माणसाची सर्व्हिस कळते, असं त्याचं म्हणणं होतं.

"काजळी म्हणजे विष असतं," मॅडम म्हणाली. "ते अंगावर घालून तुम्ही घरी जाता, मुलांना मांडीवर घेता. धुऊन टाका."

लंबूने बाकीच्यांकडे पाहिलं. बाकीच्यांनी बुटांकडे पाहिलं. संध्याकाळी सगळे कोट वाळत पडले होते आणि कोणाची किती सर्व्हिस ते कोणालाच कळत नव्हतं.

फुकट्यांचे कोट म्हणजे पगाऱ्यांचे जुने कोट, धाकट्या भावाला थोरल्याचे कपडे मिळावेत तसे. मिस्त्रीच्या कोटाच्या पाठीवर रिटायर झालेल्या कोणाचंतरी नाव होतं आणि काखेत शिवण उसवलेली होती. मॅडमने त्या भोकात बोट घातलं, ते आरपार गेलेलं पाहिलं आणि कोट बाद केला. नवीन कोटांसाठी ती वरच्या ऑफिसशी भांडली आणि एका महिन्यात कोट आले. फुकट्यांचं तिच्याबद्दल मत बरं झालं.

ते मत मास्कच्या चाचणीपर्यंत टिकलं.

चाचणी साधी होती. मास्क लावायचा, त्याला एक मशीन जोडायचं, आणि मास्कच्या कडेने हवा गळते का ते मशीन सांगायचं. सगळ्यांना हिरवा दिवा मिळाला. मिस्त्री बसला तेव्हा मशीनने जराही विचार केला नाही. लाल दिवा लावला.

मिस्त्रीला दाढी होती. छातीपर्यंत नाही, पण भरगच्च. लाकडाचा भुसा, स्क्रू आणि एकदा पेन्सिलसुद्धा तिच्यात सापडली होती.

"दाढीमुळे मास्क चेहऱ्याला बसत नाही," मॅडम म्हणाली. "धूर आत येतो. दाढी काढावी लागेल."

"मी इतकी वर्षं आत जातोय, मॅडम."

"इतकी वर्षं नशिबाने बाहेर येताय."

लंबू म्हणाला, "कडेने जरा व्हॅसलीन लावलं तर..." मॅडम त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. त्याने वाक्य तिथेच सोडलं.

सलूनवाल्याला आनंद लपवता आला नाही. त्या दाढीवर त्याचा किती वर्षांचा डोळा होता. "चल, आत्ता दुकानात चल. पैसे नकोत. वर तूच काही माग, देतो."

"एकाची जळते दाढी आणि तू त्यावर विडी पेटवतोयस," मिस्त्री म्हणाला आणि घरी गेला.

दाढी ठेवण्यामागे ना नवस होता ना धर्म. मिस्त्रीला हनुवटी नव्हती, एवढंच. म्हणजे होती, पण ओठाखालून जी निघायची ती थेट मानेलाच जाऊन मिळायची. शाळेत पोरं त्याला 'उतार' म्हणायची. ओठाखाली केस आले त्या दिवसापासून त्याने वस्तऱ्याला हात लावला नव्हता. मुलगी पाहायला गेला तो दाढीनिशी, बोहल्यावर चढला तो दाढीनिशी. बायकोने त्याची हनुवटी कधी पाहिली नव्हती, आणि आता या वयात ती दाखवावी असं त्याला वाटत नव्हतं. जळत्या घरात जायला तो घाबरत नसे. ही एक गोष्ट मात्र त्याला जमत नव्हती.

हे कारण त्याने कोणालाच सांगितलं नाही. मॅडमला म्हणाला, "दाढी नाही काढणार."

"ठीक आहे," मॅडम म्हणाली. "मग तुम्ही फळा सांभाळा."

फळा म्हणजे आत जाणाऱ्यांचा हिशेब. जो आत जाईल त्याचा बिल्ला फळ्यावर लागतो, त्याच्या सिलिंडरमध्ये हवा किती ते शेजारी लिहायचं, आणि हवा संपत आली की वायरलेसवरून त्याला बाहेर बोलवायचं. काम महत्त्वाचं आहे हे मिस्त्रीला मान्य होतं. पण ते दाराबाहेर उभं राहून करायचं असतं. सलूनवाल्याबरोबर आत आता लंबू जाऊ लागला.

"कसा आहे लंबू?" मिस्त्रीने एकदा विचारलं.

"गप्प बस म्हणतो मला," सलूनवाला म्हणाला. "आत. धुरात. मी काय नुसताच रांगू?"

आगीची पुढची मोठी वर्दी आली ती भर दुपारी, गाद्यांच्या कारखान्यातून. बंब पोहोचला तेव्हा खिडक्यांतून पिवळट धूर निघत होता आणि मालक रस्त्यावर उभा राहून हातवारे करत होता. एक कामगार दिसत नाहीये, असं तो म्हणाला. सलूनवाला आणि लंबू आत गेले. मिस्त्रीने त्यांचे बिल्ले फळ्यावर लावले.

थोड्या वेळाने तो कामगार रस्त्याच्या पलीकडून चालत आला. चहाला गेला होता. एवढी गर्दी कशाची, असं त्याने मिस्त्रीलाच विचारलं.

मिस्त्रीने वायरलेस उचलला. "माणूस बाहेर सापडला. परत या."

उत्तर आलं नाही. मग आतून काहीतरी मऊ आणि जड पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ वायरलेसवर लंबूचा. "रॅक पडलाय. सलूनवाला खाली आहे. हात अडकलाय त्याचा. मला एकट्याला रॅक उचलत नाही."

मिस्त्री हेल्मेट घालून मोकळा झाला होता. मॅडम आणि दुसरा एक पगारी मास्क चढवत होते.

"मी जातो, मॅडम."

"मास्क बसतो?"

मिस्त्रीचा हात दाढीकडे गेला.

"तुम्हाला आत काही झालं तर मला तिघांना काढावं लागेल," ती म्हणाली. आवाज तेवढाच बारीक होता. "फळा सोडू नका. त्याला शांत ठेवा. तो घाबरला की हवा भसाभस संपेल." आणि ती आत गेली.

मिस्त्रीने तिचा बिल्ला लावला, दुसऱ्याचा लावला. मग वायरलेस तोंडाशी धरला.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," सलूनवाला म्हणाला. त्याला धाप लागली होती. "मिस्त्री, हाताचं काही कळत नाहीये. वरून अजून गाद्या येतायत. लंबू ओढतोय, पण हे सगळं..."

"बोलू नकोस."

"काय?"

"बोलू नकोस. हळू श्वास घे. मी बोलतो."

सलूनवाला गप्प झाला. मिस्त्री त्याला बरीच वर्षं ओळखत होता, पण तो गप्प झालेला कधी ऐकला नव्हता, आणि ते ऐकणं किती वाईट असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. तो बोलू लागला. बोलायची सवय नसल्यामुळे जे सुचेल ते. वकीलबाईंच्या कपाटाचं दार कसं वाकडं बसलंय, सागवान कसं महाग झालंय, आईने चष्मा कुठे ठेवला आणि तो कुठे सापडला. बोलता बोलता फळ्यावरचे आकडे पाहत होता. लोक भोवती जमले होते. आगीसमोर उभं राहून हा दाढीवाला चष्म्याचं काय सांगतोय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

सलूनवाल्याची हवा अगदी तळाला आली तेव्हा दारातून आधी मॅडम उलट्या पावलांनी बाहेर आली आणि तिच्यामागून बाकीचे दोघं सलूनवाल्याला धरून. मिस्त्रीने चारही बिल्ले काढले. एक खाली पडला, तो त्याने वाकून उचलला.

हॉस्पिटलात सलूनवाल्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. मिस्त्री खाटेशेजारी स्टुलावर बसला होता.

"दाढी काढतो," तो म्हणाला.

सलूनवाल्याने प्लास्टरकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे. "आत्ता? माझा हात असा असताना?"

"हो."

"इतकी वर्षं थांबलो मी. अजून दीड महिना थांबता येत नाही तुला?"

"नाही."

सलूनवाल्याने भिंतीकडे तोंड केलं. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. पण नंतर म्हणाला, "दुसऱ्या कोणाच्या दुकानात गेलास तर तोंड बघणार नाही तुझं. माझ्या खुर्चीत बस. मी सांगतो तसं वहिनी करतील."

बायकोचं नाव निघेल असं मिस्त्रीला वाटलं नव्हतं. पण शब्द गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बायकोला घेऊन सलूनमध्ये गेला. सलूनवाला प्लास्टर गळ्यात अडकवून बाकावर बसला आणि हुकूम सोडू लागला. आधी कात्री. मग गरम पाण्याचा टॉवेल. मग साबण, गोल गोल, घाई नको. बायकोने पदर खोचला होता आणि ती एखादी किसणी घासावी तशी मन लावून काम करत होती. आरशात दाढी गेली, मग एक गाल आला, मग दुसरा. मिस्त्रीने डोळे मिटून घेतले.

"मान वर करा," बायको म्हणाली.

त्याने मान वर केली. वस्तरा ओठाखालून उतरत गेला आणि कुठे न अडखळता मानेवर पोहोचला. सलूनवाला बोलायचा थांबला.

"झालं," बायको म्हणाली.

"अगं, तुला एक सांगायचं होतं," मिस्त्री डोळे न उघडता म्हणाला. "मला पहिल्यापासून..."

"माहितीय हो. लग्नाआधी सासूबाईंनी फोटो दाखवला होता. शाळेतला. म्हणाल्या, नंतर तक्रार नको."

मिस्त्रीने डोळे उघडले. "आणि तू काही बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विषय काढला नाहीत," ती म्हणाली आणि वस्तरा पुसून ठेवला. मग ओल्या टॉवेलने त्याची मान पुसली. एकदा पुसून झाल्यावर आणखी एकदा पुसली.

घरी आईने त्याला दारातच थांबवलं आणि चष्म्यातून बराच वेळ पाहिलं. "विसरलेच होते मी. मला वाटायचं तू दाढीमुळे वाईट दिसतोस," ती म्हणाली. "उगाच बोल लावला बिचारीला."

संध्याकाळी मिस्त्री केंद्रात गेला. लंबूला वाटलं कोणी आगीची तक्रार घेऊन आलंय, त्याने पत्ता विचारला. मॅडमने मशीन काढलं. मिस्त्रीने मास्क लावला. मशीनने लाल दिवा लावला.

लंबूने व्हॅसलीनचं नावही काढलं नाही.

मॅडमने मास्कच्या कडेवरून बोट फिरवलं आणि खाली, हनुवटीपाशी, थांबली. "इथे पोकळी राहतेय. मास्क मोठा होतोय तुम्हाला." ती आत गेली आणि एक छोटा मास्क घेऊन आली. "हा माझा जादाचा आहे. लावा."

मिस्त्रीने लावला. दिवा हिरवा झाला.

"माझीही हनुवटी अशीच आहे," मॅडम म्हणाली आणि मशीन बंद केलं. मिस्त्रीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. तिचं म्हणणं खरं होतं.

त्यानंतरची पहिली वर्दी लाँड्रीतली. कपडे वाळवायच्या मशीनने पेट घेतला होता. सलूनवाल्याचा हात अजून प्लास्टरमध्येच, त्यामुळे मिस्त्री लंबूबरोबर आत गेला. रबर गालांना चहूबाजूंनी घट्ट बसलं होतं आणि धुराचा वास अजिबात येत नव्हता. इतकी वर्षं वास यायचा. आत जायचं म्हणजे तो येणारच असं तो धरून चालला होता. तो लंबूच्या बुटामागे रांगत राहिला. लंबू बोलत नव्हता, म्हणून मिस्त्रीने मध्येच त्याला सागवानाचा भाव सांगितला. लंबूने गप्प बस म्हटलं नाही.

मशीन विझवून दोघं बाहेर आले. मिस्त्रीने मास्क काढला. चेहऱ्यावर कडेने लाल वळ उमटला होता. मॅडम फळ्यापाशी उभी राहून आकडे पाहत होती.

"तुम्हाला हवा फार लागते," ती म्हणाली. "आत कमी बोला."