साजाटोल्याची पुसलेली ओळ

साहेब, तुम्ही मला नीट उघडून पाहिलंच नाही. एक नाव वाचलं आणि एका पोरीची नोकरी घेतली.

मित्रांनो, मी एक जुना बदलांचा इतिहास आहे. संगणकवाले मला गिटचा लॉग म्हणतात. गोंडपिपरीकडच्या एका ऑफिसात मी सात वर्षं राबतोय. फिरत्या दवाखान्याची गाडी कधी कोणत्या गावाला जाईल, हे सांगणारा प्रोग्राम इथं चालतो. त्यात कोणी, कधी, काय बदललं ते मी जपून ठेवतो. का बदललं, ते मात्र माणसानं लिहायचं असतं. इथली माणसं काय लिहितात? 'बदल केला.' मग 'परत बदल केला.' मग 'आता नक्की.' चारशे वेळा हेच! डोकं फिरतं माझं.

त्यात नेट येतं फक्त खिडकीजवळच्या संगणकावर. तो इथं प्रोग्राम सांभाळणाऱ्या रंजीतानं आपलं नाव टाकून सुरू करून दिला, म्हणून कोणीही बसो, माझ्यात नाव तिचंच उमटतं. "आपापलं नाव टाकत जा जी," ती दहादा म्हणाली. ऐकतो कोण?

पावसाळ्यात साजाटोला हे गाव गाडीच्या यादीतून गेलं. तिथल्या, नाल्यापलीकडच्या ठमाबाईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या. ड्रायव्हर प्रफुल म्हणाला, "यादीतच नाई, तर मी काऊन जाऊ बाई?" साहेबांनी मला उघडलं, नाव पाहिलं, आणि रंजीताला घरी बसवलं.

जाण्याआधी तिनं 'साजाटोला' शब्द टाकून मला शोधायला लावलं. मी लगेच ओळ काढून दिली: बावीस जुलै, दुपारी सव्वातीन, 'बदल केला'.

"साहेब, त्या दिवशी मी आरमोरीले धानाच्या रोवण्यात होती. सुट्टीच्या अर्जावर सही तुमचीच आहे."

"मंग नाव तुझं काऊन दिसून राह्यलं?"

"नाव त्या संगणकाचं आहे, साहेब. बांधीतल्या चिखलात उभी राहून मी बटन दाबलं का?"

साहेबांनी पंखा वाढवला.

मित्रांनो, बदल करा, पण आपल्या नावानं करा, कारण लिहा. कोणाकडं बोट दाखवण्याआधी मला शोधून पाहा. पुसलेली ओळ माझ्याजवळ जशीच्या तशी आहे. परत आणायला दोन मिनिटं पुरतात. पण रंजीताचा पासवर्ड बंद आहे, दुसरं कोणी त्याला हात लावत नाही, आणि या मंगळवारीही गाडी नाल्याअलीकडूनच वळली.

साहेब, रंजीता रोवण्यात होती, संगणकाच्या खोलीची एकुलती चावी तुमच्या खिशात होती. त्या दुपारी खिडकीजवळ कोण बसलं होतं? उत्तर द्या. आणि नुसतं 'बदल केला' म्हणू नका.