सुलट बाजूची नदी

रफूताईच्या टेबलावर नदी येऊन तीन दिवस झाले होते.

नदी म्हणजे कापडावरची, निळ्या दोऱ्यांनी भरलेली. दोघांनी हात पसरले तरी टोकं हाताला लागू नयेत एवढी लांब. वर डोंगर. डोंगरातून ती निघायची आणि वळणं घेत घेत कापडाच्या खालच्या काठापर्यंत यायची. मध्ये तळहाताएवढं हिरवं बेट. दोन्ही बाजूंना शेतं, झाडं, काठाला बांधलेल्या होड्या. जिने कुणी हे भरलं, तिने इकडच्या आणि तिकडच्या काठात काही फरक ठेवला नव्हता. इकडे जशी झाडं, तशीच तिकडे. त्या काळी असा फरक करायची गरजच कुणाला पडली नसावी.

गरज पुढे पडली. परके राज्यकर्ते गाशा गुंडाळून निघाले तेव्हा जाता जाता त्यांनी नदीतून सीमा आखली. डोंगराकडे तोंड करून उभं राहिलं की डावा काठ आपला, उजवा पलीकडच्यांचा. मधल्या बेटाचं काय, असं कुणीतरी विचारलं. बोटीची वेळ झाली होती. त्यांनी घाईघाईने लिहिलं की सीमा खोल पाण्यातून जाईल, आणि खोल पाणी कुठे आहे ते बड्या साहेबांच्या जेवणघरातल्या कापडावर पाहावं. कागद इथे ठेवला आणि कापड तेवढं सोबत नेलं.

नदीला कागद वाचता येत नाही. तिने पात्र बदललं, आणि आता बेटाच्या दोन्ही अंगांना सारखंच खोल पाणी वाहत होतं. बहात्तर वर्षांपूर्वी बेटावरची दहा-बारा घरं उठवली, तेव्हापासून तिथे कुणी पाऊल टाकलेलं नव्हतं. दोन्ही काठांवरून पहारेकरी दुर्बिणी लावून लव्हाळ्यांवर नजर ठेवायचे.

कापडाची छायाचित्रं मात्र जगभर गेली. त्यांत बेट आणि डावा काठ यांच्यामध्ये फिकट निळा दोरा होता, म्हणजे उथळ पाणी. गडद निळा उजवीकडे. म्हणजे बेट आपलं! आपल्या शाळेतल्या पुस्तकात दुसऱ्याच पानावर ते चित्र असायचं. पलीकडचे म्हणायचे, चित्र खोटं आहे. शेवटी यंदा कापड परत आलं, पण एका अटीवर. तीन पंच ते प्रत्यक्ष पाहतील, साक्षी ऐकतील, आणि बेट ज्याचं ठरेल त्यालाच कापडही मिळेल.

त्याआधी ते स्वच्छ करायचं, एवढंच रफूताईचं काम. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत वीस वर्षं ती जुनी कापडं सांधत आली होती. पलीकडच्या देशाचीही एक बाई मदतीला येणार होती, पण ती सीमेवरच्या कचेरीत एका शिक्क्यासाठी अडकून बसली होती. त्यामुळे ताई एकटीच.

कापडाच्या मागे परक्या शिंप्याने जाड अस्तर शिवलं होतं. त्याला बुरशीचा वास येत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी ताईने ते उसवायला घेतलं. एकेक टाका कापत, अस्तर हलकेच वर उचलत ती पुढे सरकत होती. खिडकीतलं ऊन पांढऱ्या भिंतीवरून उतरून टेबलावर आलं होतं. अर्धं अस्तर बाजूला झालं आणि तिचे हात थांबले.

खाली दुसरी नदी होती.

रंग असे की काल संध्याकाळी भरणारी बाई सुई टोचून ठेवून उठली असावी आणि अजून परत यायची असावी. शंभर वर्षांत या बाजूला उजेड लागलेला नव्हता. निळा दोरा पाण्यासारखा हलल्याचा भास झाला. ताईला वाटलं, आपण टेबलापाशी नाही, काठावर उभे आहोत आणि पाय ओले झालेत. तिने खरंच खाली पायांकडे पाहिलं.

मग तिने नखाने चाचपलं. आता भरतकामाचं एक साधं गुपित सांगतो. हात कितीही साफ असला तरी दोरा कुठेतरी संपतो, आणि त्याचं शेपूट टाक्यांखाली लपवायचं असतं ते उलट बाजूला. आजवर जगाने पाहिलेल्या बाजूवर नख अडकत होतं. या बाजूवर ते लोण्यावरून फिरावं तसं फिरलं. शिवाय इथे बेटावर इवलीइवली घरं होती, आरपार न जाता वरच्यावर भरलेली, म्हणून पलीकडून कधी दिसलीच नव्हती.

भरणारीचा हात इतका सफाईदार, की परक्या शिंप्याला उलट-सुलट कळलं नाही. आणि कुणाला विचारावं, असंही त्याला वाटलं नाही. त्याने सुलट बाजूला अस्तर लावून टाकलं.

सुलट बाजूवर फिकट निळा दोरा बेट आणि उजव्या काठाच्या मध्ये होता. म्हणजे बेट पलीकडच्यांचं.

ताईने मान इकडे कलती केली, तिकडे कलती केली. बेट काही सरकेना. नवं अस्तर कापून शेजारीच ठेवलेलं होतं. तिने ते पसरलं, एका कडेला चार टाचण्या लावल्या. आणखी एक तास शिवलं असतं तर कुणाला कधी कळलं नसतं. पाचवी टाचणी तिच्या ओठांत तशीच राहिली. तिने ती डबीत टाकली, खोलीला कुलूप लावलं आणि घरी गेली.

घरी तिचे वडील भिंतीला साक्ष सांगत होते. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. पस्तीस वर्षं त्यांनी लहान मुलांना शिकवलं होतं. बेटावर जन्मलेल्या माणसांपैकी आता ते एकटेच उरले होते, म्हणून आपल्या बाजूचे मोठे साक्षीदार तेच. बेट आपलं ठरलं की पहिल्या होडीत त्यांना बसवू, असं वरून सांगण्यात आलं होतं. त्यांनी नवे बूटही आणले होते. रबरी.

"खोल पाणी पलीकडच्या बाजूला होतं," मास्तर म्हणाले आणि वळले. "कसं वाटतं? जरा जोरात म्हणू?"

"बाबा, बसा आधी."

"जेवणात मीठ जास्त झालं की तू असं म्हणतेस. काय झालं?"

ताईने सांगितलं. शेपटं, अस्तर, फिकट निळा दोरा, सगळं. मास्तर बराच वेळ बुटांकडे बघत राहिले.

"आई चपला हातात घ्यायची," ते हळूच म्हणाले, "आणि मला कडेवर. पलीकडच्या बाजारात जायचो आम्ही. पाणी तिच्या गुडघ्याएवढं. या काठावर यायचं तर होडी लागायची."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षी पुस्तक उघडलं तेव्हा वाटलं, बेट सुटलं तेव्हा मी सात वर्षांचा, माझंच चुकत असेल. पुढे वाटलं, एवढे शहाणे लोक म्हणतायत तर असेल. आणि मग..." ते थांबले. "पुस्तक खरं असलं तरच मला परत जाता येणार होतं ना गं."

ताई त्यांच्या शेजारी टेकली.

"एकदा एका मुलीने विचारलं, गुरुजी, तुम्ही बेटावरून या काठावर कसे यायचात? होडीने, म्हटलं. तर म्हणते, मग इकडचं पाणी खोल असणार. एवढीशी पोर! मी तिला म्हटलं, खाली बस." त्यांनी चष्मा काढला. "ती बसली. तिला परत उभं करायचं राहूनच गेलं."

"मी काय करू, बाबा?"

"मला कशाला विचारतेस? सुई तुझ्या हातात आहे."

"बेट जाईल."

"जाईल कुठे? आहे तिथेच राहील. मीच आपला इथे राहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालयाचे प्रमुख खोलीत आले. सारखे मनगटाकडे बघायचे म्हणून सगळे त्यांना घड्याळसाहेब म्हणत. ताईने त्यांना कापड दाखवलं. पुरतं एक मिनिट त्यांनी घड्याळ पाहिलं नाही.

"ताई, तुम्हाला शिवायला बोलावलंय. उलटवायला नाही."

"मी उलटवलं नाही, साहेब. शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी उलटवून ठेवलंय."

"पुस्तकं छापून झालीत! पोरंटोरं ते चित्र पाठ करतात. आणि तुमच्या वडिलांचं घर आहे ना तिथे? मग कशासाठी हे?" त्यांचा आवाज खाली आला. "अस्तर लावून टाका. दुपारी पंच येतायत. मी काही पाहिलेलं नाही."

ते गेल्यावर ताई अस्तरापुढे उभी राहिली. तिला ती अनोळखी मुलगी आठवत होती, जी आता कुठेतरी पन्नाशीची बाई असेल. तिने पहिली टाचणी काढली. मग दुसरी. चारही टाचण्या डबीत पडल्या, अस्तराची घडी कपाटात गेली, आणि नदी सुलट बाजूने टेबलावर पसरली.

तेवढ्यात पलीकडची बाई आली. हातात पिशवी, कपाळावर घाम, वयाने ताईच्या आईसारखी.

"शिक्का मिळाला एकदाचा. चार दिवस बाकावर बसून माझाच रफू करायची वेळ आली," ती म्हणाली आणि टेबलावर वाकली. नखाने चाचपलं. पुन्हा चाचपलं. मग कमरेवर हात ठेवून तिने ताईकडे पाहिलं.

"कुणी काढलं अस्तर?"

"मीच, मावशी."

"एकटीच होतीस?"

"हो."

"मग परत का नाही लावलंस, पोरी?"

"दोरे गुदमरले होते," ताई म्हणाली. दुसरं काही तिला सुचलंच नाही. मावशीने पिशवीतून आपली सुई काढली, आणि मग दुपारपर्यंत दोघी दोन काठांवर बसून एकाच फाटक्या जागेला टाके घालत राहिल्या.

पंच आले तेव्हा ऊन पुन्हा टेबलावर उतरलं होतं. घड्याळसाहेब दारातच थबकले. पंचांनी कापड पाहिलं, दोघींकडून शेपटांचं गुपित समजून घेतलं, आणि मग साक्षीदाराला बोलावलं. मास्तर आले. पायात नवे बूट होतेच.

"आजोबा, खोल पाणी कुठल्या बाजूला होतं?" पंचांनी विचारलं.

मास्तरांनी घसा साफ केला. खोलीभर पाहिलं, जणू मागच्या बाकावर कुणी आहे का ते बघत होते.

"आपल्या बाजूला," ते म्हणाले. "इकडे यायला होडी लागायची. पलीकडे आम्ही चालत जायचो. मी पस्तीस वर्षं उलटं शिकवलं. तेही लिहून घ्या."

घड्याळसाहेबांनी डोळे मिटले. पंचांनी लिहून घेतलं.

मास्तर मात्र आता त्यांच्याकडे बघत नव्हते. टेबलाची कड धरून ते खाली वाकले होते. बेटाच्या टोकाला एक झाड, झाडाला फांदीवरून लोंबणारा बारीकसा दोर, आणि त्याच्याजवळ लाल छपराचं घर. बोटाच्या पेराएवढं.

"हा झोपाळा," ते म्हणाले. "माझ्या आजोबांनी बांधला होता, दोर आम्ही बदलायचो. आणि हे आमचं." त्यांनी बोट उचललं, पण टेकवलं नाही. "हात लावू?"

"लावा, बाबा," ताई म्हणाली.

त्यांनी बोट अंगणात ठेवलं. निळा दोरा उन्हात चमकत होता, आणि कुठूनतरी, कदाचित बाहेरच्या नळातून, पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी बोट उचललं.

पलीकडची मावशी सुई पिशवीत ठेवत होती. ती जवळ आली.

"मास्तर, आता बेट उघडलं की आम्हाला जाता येईल तिथे. मी जाईन. झाड मी शोधून काढीन." ती जरा घुटमळली. "घराला काय सांगू?"

मास्तरांनी विचार केला. मग कुणा नातेवाइकाकडे निरोप धाडावा, तसं सहज म्हणाले,

"विचारलंय म्हणून सांगा."