अर्थ रामराव सांगतील

फोन आला तेव्हा रामराव मोसंबीच्या बागेत ठिबकची तुंबलेली नळी काट्यानं मोकळी करत होते. तुळजाबाई सकाळच्या एस.टी.नं बदनापूरला गेल्या होत्या. तिथल्या शाळेत मुलींपुढं त्यांचं भाषण होतं.

"बाबा, आईंना बोलता बोलताच चक्कर आली," बरोबर गेलेली सून आकांक्षा सांगत होती. "दवाखान्यात नेलं, पण डॉक्टर म्हणाले, आई गेल्या."

"मंग आता ती कोणत्या गाडीनं यायली?" रामरावांनी विचारलं. पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं, तेव्हा ते खाली बसले. नळीच्या पाण्यानं धोतर भिजत राहिलं तरी उठले नाहीत.

तुळजाबाई आधी गावच्या सरपंच, पुढं अंबडला पंचायत समितीच्या सभापती. मागच्या साली त्यांनी आपली सगळी हकीकत लिहून जालन्यात पुस्तक छापून घेतलं आणि पहिली प्रत नवऱ्याच्या हातात दिली. रामराव म्हणाले, "मला काय वाचायला लावती? समदं माझ्यासमोरच तर झालं!" आणि पुस्तक कपाटात ठेवून दिलं.

दुःखाच्या घरी तेराव्यापर्यंत संध्याकाळी पोथी लावायची गावाची रीत. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. पुतण्या अंगद पोथी घेऊन आला, तर रामराव म्हणाले, "ती ऱ्हाऊ दे. तुझ्या काकूचं पुस्तक वाच. अर्थ मी सांगतो."

"बरं झालं," शेजारची नंदाबाई म्हणाली. "ती होती तवर भाऊजींनी ऐकलं न्हाई. आता तरी बसून ऐकतील."

अंगदला पोथीच्या सुराशिवाय वाचताच येईना. "नंतर आम्ही जीपने शहागडच्या सभेला गेलो..."

"कशाची जीप?" रामराव अर्थ सांगू लागले. "उसाचा ट्रक होता. ही फुडं डायवरजवळ, मी मागं उसावर. खाली उतरलो तर टोपीत पाचट. लोकायला वाटलं, सभापतीबाईनं गडी आणला."

तुळजाबाई गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं. रामरावही हसले, मग उपरण्यानं डोळे पुसत बसले.

रोज एक अध्याय होऊ लागला. कुठल्या पुढाऱ्यानं तिला पाडायचा घाट घातला, कुठल्या गावानं हार घातला, रामरावांना सगळं ठाऊक. पुस्तकात दोन ओळी असल्या तर त्यांचा अर्थ अर्धा तास चाले.

एका संध्याकाळी अंगदनं वाचलं, "सभापतीच्या खुर्चीत बसायचा पहिला दिवस. माझे पाय कापत होते. मी कचेरीच्या मागे गेले आणि ह्यांनी बांधून दिलेल्या भाकरीचं फडकं सोडलं. आत लिंबाच्या लोणच्याची फोड होती. मला ते आवडतं हे मी ह्यांना कधी सांगितलं नव्हतं. उभ्या उभ्या अर्धी भाकर खाल्ली, पाय थांबले, मग आत जाऊन बसले."

अंगद थांबला. बायका रामरावांकडं बघू लागल्या.

"काका, अर्थ."

"ह्याचा मला न्हाई ठाऊक," रामराव हळूच म्हणाले. "हाताला आली ती फोड टाकली आसंल मी."

"आम्हाला कळला, भाऊजी," नंदाबाई म्हणाली. "वाच रे फुडं."

दुसऱ्या दिवशी एकच अध्याय उरला होता. समाप्ती म्हणून नंदाबाईनं नारळ आणला. समाप्ती झाली की पोथी कापडात बांधून वर ठेवतात. अंगदनं हात पुढं केला, पण रामरावांनी मांडीवरचं पुस्तक सोडलं नाही.

"आज नगं."

"पोथी अशी अर्धी सोडत न्हाईत, भाऊजी."

"ही कुठं पोथी हाय? तुळजा बोलायली. तिचं बोलणं मधीच तोडायची सवयच हाय मला." त्यांनी पुस्तक आणखी जवळ ओढलं. "कालच्यासारखं आणखी काही आत आसंल. ते एकदा ऐकलं, की मंग तिच्याकडून नवं काही ऐकायचं उरत न्हाई."

नंदाबाईनं नारळ देवळीत ठेवला आणि चहा टाकायला आत गेली.

तेरावं झालं, पाहुणे गेले. आता रामराव सकाळी बागेत पुस्तक नेतात आणि ओळीखाली बोट धरून स्वतःच वाचतात. त्या उरलेल्या अध्यायापाशी आले की परत पहिल्या पानावर जातात. मोसंबीचा बहार उतरून गेला. शेवटचा अध्याय अजून वाचायचा राहिला आहे.