नळीतला आकडा

“तात्या, आकडा सांगताय का नळीला जप शिकवताय?” रांगेतून युवराज ओरडला आणि सगळे हसले.

गेणबातात्या हसले नाहीत. त्यांनी दुधाची फॅट मोजायची नळी खिडकीकडे धरली, मग दिव्याकडे, मग पुन्हा खिडकीकडे. नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग होता. आकडा बघायला जावं, तर डाग नेमका आकड्यावर. एकवीस वर्षं गावच्या डेअरीत तात्यांनी सांगितलेला आकडा कुणी दुसऱ्यांदा विचारला नव्हता. आकडा मोठा तर दुधाला भाव जास्त, आणि त्या आकड्यावरचा विश्वास हीच तात्यांची इस्टेट.

बारामतीच्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. “खाल्लेली साखर तुमच्या अंगात जिरत नाही, रक्तातच फिरते. त्यानं डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक शिरा आतून सुजतात, मग पाझरतात. ही सूज दुखत नाही, म्हणून फसवते. पुण्याला जाऊन लेसर करा. गेलेलं परत येईलच असं नाही, पण राहिलेलं वाचेल.”

“दुखत न्हाय ना? मग सुगीनंतर बघू,” म्हणून तात्या परतले. आपण उठलो तर खुर्चीवर दुसरा बसेल, ही खरी भीती. मग युक्ती काढली. ज्याच्या-त्याच्या दुधाच्या नमुन्याच्या बाटलीवरचा ठळक नंबर अजून दिसायचा. नंबरावरून माणूस, माणसावरून म्हैस, म्हशीवरून आकडा. सगळं तोंडपाठ!

“एक्केचाळीस. सहा पाच,” ते ठणकावून म्हणाले.

एक्केचाळीस म्हणजे सारजा. ती टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाली, “तात्या, म्हस परवाच मेली. आज गाईचं घातलंय.”

तात्यांना लाज वाटली आणि राग आला, तोही तिचाच.

“गप बसली असतीस तर तुझाच फायदा व्हता की गं!”

“व्हता. पर तुमच्या तोंडून खोटं कसं ऐकू?”

तात्या उठले, बसले, पुन्हा उठले. मग नळी तिच्या हातात दिली.

“चौथी शिकलीयास न्हवं? वाच.”

“तीन... आठ.”

तात्यांनी सकाळपासूनच्या आकड्यांचा कागद टराटरा फाडला. “समद्या नळ्या परत वाचायच्या. आज मी बोललेलं कायबी खरं न्हाय.”

सारजा खुर्चीवर बसेना; त्यांनीच तिला बसवलं. ते नळी पुसून देत, ती पुटपुटत वाची आणि तात्या उभ्यानं, नेहमीच्याच खणखणीत आवाजात आकडा रांगेला सांगत. युवराज एकदाही हसला नाही.

“सारजे, पुन्याची गाडी सकाळी कितीला असती?” नळ्या संपल्यावर त्यांनी विचारलं, आणि शेवटची नळी कितीतरी वेळ पुसत राहिले.