नवव्या दिवसाचं गार पाणी

माझी लेक सोही जन्मली त्याच्या नवव्या दिवशी आमच्या घरी वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायची होती. ओल्या बाळंतिणीने एकवीस दिवस गार पाण्याला शिवू नये, हे कोरियातल्या आमच्या हेनाम गावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण सासूबाईंनी मला अंगणात बसवलं आणि मिठात मुरवलेले दोनशे कोबी धुवायला लावले. अंगात बाळंतवारा शिरला तो तेव्हाच. पुढे काहीही दुखलं की मी त्यांना त्या पाण्याची आठवण करून द्यायचे. चार वर्षांपूर्वी बोटं सुजायला लागली, मग तर विचारूच नका.

"मी तर तिसऱ्या दिवशी रानात होते," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यावर मी भांडी आपटायचे.

सकाळी मूठ वळेना, बटण लागेना, तरी मी दवाखान्याची पायरी चढले नाही. बाळंतवाऱ्याला औषध नसतं, असं आमच्याकडच्या सगळ्याच बायका सांगतात. शेवटी सोहीनेच मोक्पो शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नंबर लावला. आधीच्या आठवड्यात तपासणीसाठी रक्त देऊन आले होते. रिपोर्टच्या दिवशी मी सासूबाईंना मुद्दाम बरोबर नेलं. वय एक्क्याऐंशी, गुडघे धड नाहीत, तरी नेलं. डॉक्टरच्याच तोंडून त्यांना ऐकवायचं होतं.

डॉक्टरीणबाई जेमतेम तिशीच्या. "काकू, बाळंतपणं किती? अंगावर किती दिवस पाजलंत? पाळी कधी गेली?"

मी याचीच वाट बघत होते. सव्वीस वर्षांपूर्वीचा तो नववा दिवस, अंगण, कोबी, पाणी, सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. सासूबाई मांडीवरच्या पिशवीचे बंद पिळत होत्या.

"आणि बोटं कधी सुजायला लागली?"

"चार वर्षं झाली. पाळी गेली त्या सुमारास."

"म्हणजे ते पाणी बावीस वर्षं दबा धरून बसलं होतं म्हणायचं!"

मला रागच आला. त्यांनी माझी बोटं एकेक करून दाबून पाहिली. "काकू, हा आमवात आहे. आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उठतं. बाळंतपणाशी त्याचं नातं आहे, नाही असं नाही. पोटुशी असताना कितीतरी जणींचा कमी होतो, बाळंत झाल्यावर उफाळतो, पाळी जाताना कुणाला नव्याने धरतो. असं का, ते अजून पुरतं कळलेलं नाही. पण गार पाण्याने तो होत नाही."

"मग हे सासूबाईंनी नाही केलं?"

"कुणीच नाही केलं. चार वर्षं अंगावर काढलंत, ती मात्र तुमची करणी. नशीब, हाडं अजून फारशी झिजलेली नाहीत. आता औषधं सुरू केली तर हात चांगले राहतील."

माझा जीव भांड्यात पडला. आणि खरं सांगते, मी चडफडलेही. इतक्या वर्षांचा हुकमाचा पत्ता हातातून गेला होता.

बाहेर बाकावर बसलो. "सुटलात एकदाच्या," मी फणकाऱ्याने म्हटलं.

सासूबाईंनी माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. "सुटले गं. म्हणून तर आता बोलता येतंय. त्या दिवशी तू दोनदा म्हणालीस, आई, कळ येतेय. मला ऐकू आलं होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तुला आत पाठवायला हवं होतं. चुकलंच माझं."

"मग इतकी वर्षं का नाही बोललात?"

"बोलले असते तर तुझं सगळं दुखणं माझ्या माथी बसलं असतं, सोहीच्या आई. तेवढं मला पेललं नसतं."

सव्वीस वर्षं मला एवढंच ऐकायचं होतं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि चारचौघांत हमसून हमसून रडले. एक नर्स धावत आली. "काय झालं आजी? रिपोर्ट वाईट आला का?"

"नाही गं बाई," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "चांगला आलाय."