दवा नको, देवा

शेषरावांना आता गाण्याचा वीट आला होता. लिहिण्याचा नव्हे, लिहून झाल्यावर जे मागे लागतं त्याचा. अकोल्यापासून मोर्शीपर्यंत कुठल्याही चर्चमध्ये जा, बाप्तिस्मा असो की मयत, लोकांना एकच गाणं हवं: ‘वैद नको, दवा नको, तुहा हात पुरे देवा.’ जन्मभर लिहिलेली बाकीची गाणी काय पाण्यात गेली? कोणी नावही काढत नव्हतं.

त्यात दर्यापूरहून ज्योत्स्नाचा फोन आला. तिथल्या मंडळीतल्या जुन्या इंदूबाईंची सून. पोरगी रडत होती. “काका, सासूबाईंनी शुगरच्या गोळ्या सोडल्या. पायाचा अंगठा काळा पडला. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर पाय जाईल. आन् ह्या दिवसभर तुमचं गाणं म्हणून राहिल्या!”

शेषराव स्वतः बीपीची गोळी कधी चुकवत नसत. ते गाणं लिहिलं त्या सकाळीही घेतलीच होती. पण गाण्यात गोळी कुठं बसते, सांगा बरं!

अमरावतीहून एसटीनं जाताना त्यांनी नवं कडवं जुळवलं. इंदूबाईंच्या खाटेजवळ बसून, धाप लागत असतानाही, गाऊन दाखवलं. ‘दवा तूच देशी देवा, गोड मानून घेऊ.’

इंदूबाईंनी डोळे मिटून ऐकलं. शेषराव पहिल्यांदा पेटी घेऊन दर्यापूरच्या मंडळीत आले, तेव्हा ह्याच बाईनं त्यांना भाकर वाढली होती. आता ती म्हातारी झाली होती, पण हट्ट तसाच तरणाताठा.

“चाल चांगली हाये, भाऊ,” त्या म्हणाल्या. “पण हे तुमचं गाणं हाये. ते त्याचं होतं.”

“अवो, दोन्ही मीच लिहिले ना!”

“तुमी लिहिलं. देल्लं त्यानं.”

उभ्या आयुष्यात शेषरावांनी हेच तर लोकांना शिकवलं होतं. त्यांनी खाटेच्या कडेवर डोकं टेकलं.

“इंदूबाई, मी थकलो. देवाचं मंग ऐका. आज माहं ऐका. तुमचा पाय गेला त मले पेटीले हात लावता येनार नाही. जगनंच मुश्किल होईन.”

बाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग सुनेला म्हणाल्या, “आण वं ती गोळी. तोंड पाह्य ह्याचं, कसं करून घेतलं! देवाले मी सांगीन, शेषरावचं मन मोडवलं नाही म्हनून.”

गोळी घशाखाली उतरली. ज्योत्स्नानं देवाचे आभार मानले. शेषरावांनी डोळे पुसले.

“पण रविवारी तेच गाणं म्हनाचं, हां,” इंदूबाई दटावून म्हणाल्या. “नवं नाही.”

शेषरावांनी मान डोलावली.

रविवारी त्यांनी अमरावतीत पेटी उघडली आणि मंडळीनं तेच मागितलं. त्यांनी वाजवलं. सगळे हात वर करून गात होते. त्यातल्या किती जणांनी घरी गोळ्या सोडल्या असतील, हे विचारायची शेषरावांना हिंमत झाली नाही.