चारही चाकं जमिनीवर

कलघटगीच्या रस्त्यावरचं ते वळण दीपश्रीला पाठ होतं. वकिलीच्या निमित्तानं ती आठवड्यातून दोनदा धारवाडहून तिथल्या कोर्टात जायची, आणि कुठं डांबर उखडलंय, कुठं पाणी साचतं हे तिच्या हातांनाच ठाऊक झालं होतं. त्या रविवारी मात्र गाडी तिची नव्हती. चालवत होता तिचा थोरला भाऊ संजीव. अमरगोळच्या मार्केट यार्डात त्याचा मिरचीचा व्यापार. यंदा चांगला भाव मिळाला म्हणून त्यानं टर्बो इंजिनची नवीकोरी गाडी घेतली होती. ती दाखवायला बहिणीला शेजारी आणि वडिलांना, अप्पांना, मागं बसवून तो निघाला होता.

"आता बघ हं दीपा," असं म्हणून त्यानं पाय दाबला.

पाठ सीटला चिकटली. गाडी खरोखरच सुसाट सुटली. मग ते वळण आलं, वळणातच खड्ड्यांची रांग आली, आणि गाडीचा मागचा भाग बेडकासारखा उसळला. संजीवनं स्टेअरिंग फिरवलं, पण गाडी वळायचं सोडून थेट मक्याच्या शेताकडं निघाली. बांधापाशी कशीबशी थांबली. मागं अप्पांचं डोकं छताला आपटलं होतं.

"काय रस्ते करून ठेवलेत!" संजीव म्हणाला.

"रस्ता तोच आहे अण्णा. माझी गाडी आठवड्यातून दोनदा जाते की इथून."

"तुझी ती डबी? तिच्या इंजिनात जीव आहे का? हिची ताकद बघ, तुझ्या दुप्पट!"

"ताकद आहे, मान्य. पण स्प्रिंगा कापून हिला बसकी कुणी करायला सांगितली होती तुला?"

"रुबाब दिसतो. गाडी म्हणजे इंजिन गं. बाकी सगळं फर्निचर."

अप्पा डोकं चोळत म्हणाले, "त्या फर्निचरनंच मला मारलं बाबा."

गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण परतीच्या वाटेवर चहाला थांबल्यावर संजीवनं सांगितलं की, तारिहाळच्या मागच्या माळावर गाड्यांची शर्यत होणार आहे आणि त्यानं नाव दिलंय. एकेका गाडीनं एकटीनंच मुरमाच्या वाटेवर पळायचं, दोन फेऱ्या मिळणार, त्यातली चांगली वेळ धरणार.

"मीही येते," दीपश्री म्हणाली.

संजीवला चहाचा ठसका लागला. "ये की. बायकांचा वेगळा गट असतो."

"मला तुझ्याच गटात यायचंय."

घरी आल्यावर तिला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. तिची गाडी दहा वर्षांची, इंजिन नावापुरतं. पण गेल्या वर्षीची एक गोष्ट तिला आठवत होती. गाडी खडखडायला लागली, वळणावर हेलकावे खाऊ लागली, तेव्हा गाडी म्हातारी झाली असंच तिला वाटलं होतं. मग धक्के झेलणारे पुढचे शॉकअप बदलले, आणि त्याच इंजिनाची तीच गाडी एकदम तरणी झाली. कोर्टात ती आधीपेक्षा लवकर पोचायला लागली, तेही आधीपेक्षा सावकाश चालवतेय असं वाटत असताना. हे कसं होतं ते तिनं तेव्हापासून खणून काढलं होतं. वाचलं होतं, व्हिडिओ पाहिले होते, रस्त्यावर करून बघितलं होतं.

गाडी घेऊन ती प्रवीणच्या गॅरेजात गेली. चारही बाजूंचे चांगले शॉकअप, सांध्यांमधले झिजलेले रबरी बुश बदलणं, मुरमाला धरतील असे टायर आणि चाकांची अलाइनमेंट, असं काम तिनं सांगितलं.

प्रवीण मान खाजवत म्हणाला, "मॅडम, शर्यतीला जाताय ना? मग इंजिनचं काहीतरी करू की. पिकअप वाढवून देतो."

"नको. आहे तेवढी ताकद जमिनीपर्यंत पोचू दे, बास."

"हरलात तर माझं नाव सांगू नका," तो हसत म्हणाला. पण काम त्यानं मन लावून केलं. खालचा एक बुश तर हातात घेताच चुरा झाला, तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "हे असलं घेऊन फिरत होता होय!"

सरावाला जागा हवी होती. सत्तूरच्या बाजूला एक नवा लेआउट पडला होता; रस्ते आखलेले, घरं एकही नाही. तिथं रोज सकाळी दीपश्री आणि अप्पा जायला लागले. अप्पा धारवाडच्या मराठी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. ते रंगाचे रिकामे डबे ओळीत मांडायचे आणि छत्री टेकून उभे राहायचे. डबा पडला की जोरात ओरडायचे, "नापास!"

पहिले काही दिवस नापासच जास्त. मग हळूहळू तिला उमगायला लागलं. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, म्हणजे वजन पुढच्या चाकांवर येतं आणि ती जमीन पकडतात. मग ब्रेक हलकेच सोडत वळायचं. गाडी आपल्यालाच विचारतेय असं वाटतं, की जाऊ का आता? तेव्हा कुठं पाय द्यायचा.

"अप्पा, गाडी जमिनीला टेकते ती चार तळव्यांएवढ्या जागेवर," तिनं एकदा हाताचा पंजा दाखवून सांगितलं. "सगळं इंजिन तेवढ्यातून काम करतं. चाक हवेत उडालं, तर कितीही मोठं इंजिन नुसतं हवा ढवळतं."

अप्पांनी विचार केला. "म्हणजे मास्तर कितीही ओरडला तरी वर्ग हातात नसेल तर उपयोग नाही."

"अगदी तसंच!"

शर्यतीच्या दिवशी माळावर धूळ आणि माणसं यांची नुसती दाटी झाली होती. लाउडस्पीकरवर कन्नडमध्ये एकेकाचं नाव पुकारत होते. लाल मुरमाची वाट आखलेली. सुरुवातीला सरळ पट्टा, मग उभ्या मांडलेल्या प्लास्टिकच्या कोनांमधून नागमोडी, मग उंचवट्यांचा तुकडा, आणि शेवटी एक असं वळण की गाडी जवळजवळ उलटी फिरवावी लागे. संजीवची काळी गाडी बघायला घोळका जमला. दीपश्रीच्या गाडीपाशी अप्पा होते.

पहिल्या फेरीत संजीवनं धूळ उडवली. सरळ पट्ट्यावर गाडी तोफेसारखी सुटली आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. पुढं जरा धडपडली, पण वेळ चांगली आली.

मग दीपश्रीचं नाव आलं. ती निघाली, आणि उंचवट्यांवर पोचताच गाडीचा मागचा भाग थडथड नाचायला लागला. तिनं घाबरून पाय काढला. शेवटच्या वळणात एक कोन चाकाखाली गेला. त्याचा दंड धरून ती यादीत खालच्या टोकाला गेली.

संजीव पाण्याची बाटली घेऊन आला. टोमणा मारायचं त्याच्या मनात होतं, पण तिचा चेहरा बघून त्याचा आवाज मऊ झाला. "जाऊ दे गं. आलीस हेच खूप."

तो प्रेमानंच म्हणाला, आणि तेच तिला झोंबलं. ती गाडीपाशी उकिडवी बसली. सरावाच्या मातीत गाडी अशी नाचली नव्हती. इथला मुरूम कडक, दाबून बसवलेला. तिनं टायरवर अंगठा दाबून बघितला, दगडासारखा टणक. सकाळी पेट्रोल पंपावर तिनं हवा भरून घेतली होती, हायवेसाठी भरतात तशी! शॉकअप कितीही चांगले असले तरी टायरच चेंडूसारखा उडत असेल तर ते बिचारे काय करणार? तिनं चारही टायरांमधली थोडी थोडी हवा काढली, मागच्यांची जरा जास्त. डिकीतलं सगळं सामान बाहेर काढलं.

"अप्पा, हे सांभाळा."

"पास होऊनच ये," अप्पा म्हणाले.

दुसरी फेरी, यादीतले खालचे आधी. झेंडा खाली आला. सरळ पट्ट्यावर तिची गाडी आपल्या परीनं धावली. कुणी शिट्टी मारली नाही. नागमोडी आली. डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं, गाडी फुगडीतल्या पोरीसारखी तोल सावरत निघाली. उंचवटे आले. या वेळी तिनं पाय काढला नाही. चाकं खाली-वर होत होती, खालून गुडगुड ऐकू येत होती, पण तिची सीट जागची हलत नव्हती. टायर जमिनीला धरून होते. ते तिला स्टेअरिंगमधून तळहातांत कळत होतं. शेवटच्या वळणाआधी ब्रेक. नाक खाली. हलकेच सोड. गाडी गर्रकन वळली, एकाही कोनाला धक्का न लावता, आणि तिनं पाय पूर्ण दाबला. त्या छोट्याशा इंजिनाचा कणन्‌कण कामाला लागला.

लाउडस्पीकरवर तिची वेळ पुकारली गेली. मग आवाज फुटला, "अक्का नंबर वन! अक्का नंबर वन!"

आता संजीवची पाळी. त्यानं जिद्दीनं गाडी सोडली. सरळ पट्ट्यावर वेळेच्या हिशेबानं तो तिच्यापुढं होताच. पण कापलेल्या स्प्रिंगांवर ती जड गाडी उंचवट्यांवर अशी आदळली की मागची चाकं जमिनीपासून वर उचलली गेली. वळणात त्यानं जितका पाय दाबला, तितकी पुढची चाकं जागच्या जागी मुरूम उकरत फिरली. दोन कोन उडाले. गाडी बाहेरच्या दोरीपाशी थांबली तेव्हा इंजिन अजून गुरगुरतच होतं.

बाकीचेही पळाले. तिची वेळ कुणी मोडली नाही. खुल्या गटाचा चषक दीपश्रीच्या हातात आला, तेव्हा टाळ्यांत सगळ्यांत मोठ्या टाळ्या छत्री बगलेत मारलेल्या एका म्हाताऱ्याच्या होत्या.

संजीव घोळक्यातून वाट काढत आला. चेहऱ्यावर धूळ, डोळ्यांत पाणी की धूळच, कळेना. "दीपा, हे केलंस कसं?"

"बस शेजारी. दाखवते."

विजेत्याला मानाची एक फेरी मिळायची. संजीव डाव्या सीटवर बसला, पट्टा लावला, वरचं हँडल धरलं. उंचवट्यांवर त्यानं सवयीनं दात आवळले, आणि धक्का आलाच नाही. त्यानं चकित होऊन तिच्याकडं बघितलं. वळणात गाडी शिरली, गर्रकन फिरली, आणि संजीव हँडल सोडून दोन्ही हात वर करून कन्नडमध्ये ओरडला, "हौद ले! हौद! खरंच की! अजून एकदा, दीपा, अजून एकदा!"

शेवटची रेघ आली तरी दीपश्री थांबली नाही. तिनं तशीच गाडी दुसऱ्या फेरीला घातली.